पहिला ट्रॅक डे, पोलो आणि दोन लाखांचं बजेट: आधी काय करून घेऊ?

ओंकार_वाकड

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०२१ ची पोलो १.० टीएसआय आहे, मॅन्युअल. आजवर हिंजवडीचं ऑफिस, सांगलीचं घर आणि पावसाळ्यात ताम्हिणी, एवढंच तिनं पाहिलंय. आता जानेवारीत कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर एक ट्रॅक डे (रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी मोकळेपणाने पळवायचा दिवस) आहे, त्याला मी आणि माझ्या मित्राने नाव दिलंय. लहानपणापासून हे करायचं होतं, त्यामुळे प्रचंड उत्साहात आहे.

गाडीसाठी दोन लाख बाजूला काढलेत. एका ट्यूनरने पॅकेज सुचवलंय: स्टेज १ रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून पॉवर वाढवणं), मोठा इनटेक (इंजिनात हवा घेणारा भाग), एक्झॉस्ट आणि गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. म्हणतो, ११० पीएसची गाडी १३५ च्या पुढे जाईल. मित्र म्हणतो चार पॉइंटचा हार्नेसही (दोन्ही खांद्यांवरून येणारा रेसिंगचा पट्टा) घे, फोटोत भारी दिसतो आणि सेफही असतो.

माझे प्रश्न: दोन लाखांत आधी काय, नंतर काय? हार्नेस घ्यावा का? इन्शुरन्सचं काय? एक सांगायचं राहिलं, घरात गाडी ही एकच आहे. आईला दर महिन्याला दवाखान्यात न्यावं लागतं, त्यामुळे गाडी दोन-तीन आठवडे गॅरेजमध्ये पडून राहिली तर पंचाईत होईल.

टर्बो_रोहित

रिमॅप कर, डोळे मिटून. टीएसआयमध्ये पैशाला पैसा वसूल करणारी ती एकच गोष्ट आहे. लॅपटॉप लावला, अर्ध्या दिवसात काम, आणि नको वाटलं तर स्टॉक फाइल परत टाकता येते. बाकीचं हळूहळू होईल. ट्रॅकवर सरळ रस्त्याला मागून कोणी आलं की पॉवर नसल्याचं दुःख कळतं बघ.

भोसरीचा_लेथ

ओंकार, अभिनंदन. नाव दिलंस इथेच निम्मं काम झालं. जरा सविस्तर लिहितो, कारण तुझ्यासारखाच प्रश्न घेऊन पोरं माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचे पैसे आधीच खर्च झालेले असतात.

माझं भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. गाडी अबार्थ पुंटो, आपल्या रांजणगावात तयार झालेली, १.४ टी-जेट, १४५ पीएस. करीला आणि चेन्नईजवळच्या मद्रासच्या सर्किटला मी तीच घेऊन जातो, चालवत जातो आणि चालवत परत येतो. ट्रेलर नाही, टो-ट्रक नाही. पुण्यातल्या माणसाचं ट्रॅकचं गणित इथेच वेगळं होतं. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगिरी, बंगळूर, होसूर, सेलम आणि मग कोइमतूर, असा साधारण १२०० किलोमीटरचा रस्ता. दिवसभर ट्रॅकवर पिळून काढलेल्या गाडीने तेवढाच रस्ता परत कापायचा, आणि तुझ्या बाबतीत त्यानंतर त्याच गाडीत आईंना बसवायचं. म्हणून कोणताही पार्ट हातात घेतला की मी एकच विचारतो: हा बसवल्यावर गाडी पुण्याला धड परत यायची शक्यता वाढते, की कमी होते?

ह्या प्रश्नाला तुझं पॅकेज लावून बघ. रिमॅपने इंजिनात उष्णता वाढते, क्लचवर ताण वाढतो. खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांनी गाडी हायवेच्या कामांच्या डायव्हर्जनवर आणि आपल्या वाकडच्या स्पीडब्रेकरवर घासते. एक्झॉस्टने आवाज वाढतो. त्या यादीत गाडी थांबवण्यासाठी किंवा गार ठेवण्यासाठी एक रुपया नाही.

आता ब्रेकचा हिशेब मांडतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. माणसासकट ११०० किलोची गाडी धर, तुझी त्याहून थोडी जडच भरेल. शहरात ६० च्या वेगाने येऊन सिग्नलला थांबलास तर ब्रेकना साधारण १५० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. ट्रॅकवर १५० वरून ६० वर आलास तर ८०० किलोज्यूल. म्हणजे सिग्नलच्या पाचपट, आणि गाडी थांबलीसुद्धा नाही! वर पुढच्या वळणाला परत तेच. मधल्या काही सेकंदांत डिस्कला गार व्हायला वेळ कुठला? ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे रिमॅप करून सरळ रस्त्याच्या शेवटी दहा किलोमीटर जास्त वेग मिळवलास, तर त्याचा भुर्दंडही ब्रेकच भरणार.

ती उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि तिथून ब्रेकच्या फ्लुइडमध्ये जाते. डॉट ४ फ्लुइड नवीन असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषतं. मानकाप्रमाणे ३.७ टक्के पाणी मुरलेल्या डॉट ४ ची किमान मर्यादा १५५ अंश. पुण्याचे दोन-तीन पावसाळे पाहिलेलं फ्लुइड त्याच वाटेवर असतं. शहरात त्याने काही बिघडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. ट्रॅकवर मात्र ते उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते. पायाला हे कसं कळतं ते आधीच माहीत असू दे: दोन-चार लॅप पेडल नेहमीसारखं कडक, मग एका वळणाआधी ते दोन बोटं जास्त खाली जातं आणि पायाखाली मऊ लागतं. त्या क्षणी तो सेशन संपला असं समजायचं. हात वर करायचा, रेषेतून बाजूला व्हायचं, ब्रेक जवळजवळ न वापरता एक लॅप गाडी गार करायची आणि पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायची जागा) यायचं. पेडल कडक राहूनही गाडी थांबत नसेल तर फ्लुइड ठीक आहे, पॅड तापलेत. त्यावरही इलाज तोच, गार कर.

म्हणून पहिला खर्च: ताजं, सीलबंद बाटलीतलं चांगलं डॉट ४ किंवा डॉट ५.१. नाना पेठेत मिळतं. मागच्या वर्षीची अर्धी उघडी बाटली गॅरेजवाल्याने काढली तर सरळ नाही म्हण. आणि नुसतं डॉट ५ लिहिलेलं घेऊ नको, ते सिलिकॉनचं असतं, आपल्या गाड्यांत चालत नाही. एवढा एकच बदल केलास तरी चालेल, इतका तो महत्त्वाचा.

दुसरा खर्च पुढचे पॅड. इथे लोक उत्साहाच्या भरात रेसिंगचे पॅड घेतात. ते गार असताना धरत नाहीत, कर्कश ओरडतात आणि डिस्क खातात. सकाळी सात वाजता आईंना दवाखान्यात नेताना पहिल्याच सिग्नलला तुला धरणारा ब्रेक हवा. म्हणून रोडसाठीच बनवलेले पण जास्त तापमान सोसणारे पॅड घे, आणि निघण्याच्या आधी त्यांना पाचशे-सहाशे किलोमीटर बसू दे. तुझ्या पोलोला मागे ड्रम आहेत, त्यांची साफसफाई आणि अ‍ॅडजस्टमेंट करून घे. मोठे डिस्क, मोठे कॅलिपर वगैरे आत्ता डोक्यातच आणू नको. जुने पॅड फेकू नकोस. डिकीत ठेव, सोबत जॅक, व्हील स्पॅनर, टॉर्क रेंच.

टायर झिजलेले असतील तर चांगले टायर घे, नसतील तर आहेत तेच ने. पण हवेचं प्रकरण नीट समजून घे, कारण ते फुकटातलं शिक्षण आहे. दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे हवा भरून पहिल्या सेशनला गेलास की टायर तापून पाच-सहा पीएसआय सहज वाढते. जाण्याआधी पुढच्या दोन्ही टायरच्या खांद्यावर, म्हणजे ट्रेड संपून साइडवॉल सुरू होते तिथे, खडूने आडवी जाड रेघ मार. परत आल्यावर बघ खडू कुठपर्यंत पुसलाय. कंपनीने त्या कडेला एक छोटा त्रिकोण दिलेला असतो. खडू त्रिकोणापर्यंतच पुसला असेल तर हवा बरोबर. त्याच्या खाली साइडवॉलवरही पुसला गेला असेल तर टायर वळणात आडवा पडतोय, हवा वाढव. त्रिकोणाच्या वरच रेघ शाबूत असेल तर हवा जास्त आहे, एकेक पीएसआय काढ. डावा आणि उजवा वेगळा निघेल, त्याने गोंधळून जाऊ नको. ट्रॅकला उजवी वळणं जास्त असली की डावा टायर जास्त काम करतो. हे वाचायला लागलास की गाडी काय सांगतेय ते कळायला लागतं, आणि मला ट्रॅकवरची सगळ्यात आवडती गोष्ट हीच आहे.

फक्त एक. गरम टायरमधून काढलेली हवा रात्री टायर गार झाल्यावर खूपच कमी भरते. सकाळी हायवेला लागण्याआधी परत भर. सामानासकट, कमी हवेवर, शंभरच्या वेगाने सेलमपर्यंत गेलास तर टायर फुटायला तेवढं कारण पुरतं.

रोहितच्या मुद्द्याबद्दल. रिमॅप वाईट नाही. पण तो एका ठरावीक पेट्रोलसाठी लिहिलेला असतो. पुण्यात १०० ऑक्टेन मिळतं, हायवेवरच्या पंपावर जे असेल ते भरावं लागतं. ट्यूनरला आधी विचार की साध्या पेट्रोलवर, चाळीस अंशांत, वीस मिनिटं सलग फुल थ्रॉटलवर ही फाइल त्याने कधी चालवून पाहिली आहे का. उत्तर देताना तो लॉग (त्या चाचणीच्या नोंदी) दाखवत असेल तर पुढच्या वर्षी जरूर कर.

हार्नेस नको. चार पॉइंटचा पट्टा तुला सीटला ताठ बांधून ठेवतो. गाडी उलटली आणि छप्पर दबलं तर तीन पॉइंटच्या पट्ट्यात अंग बाजूला झुकायला वाव असतो, हार्नेसमध्ये नसतो. त्यामुळे हार्नेस घ्यायचा तर बकेट सीट आणि रोल केज (छप्पर दबू नये म्हणून आत बसवलेला पाइपांचा सांगाडा) हे सगळं एकत्र. आणि रोल केज असलेल्या गाडीत हेल्मेटशिवाय बसणं म्हणजे डोक्याजवळ लोखंडी पाइप. त्यात आईंना बसवणार आहेस का? कंपनीचा पट्टा, तो एकदा झटक्याने ओढून लॉक कर, सीट नेहमीपेक्षा एक खाच पुढे घे. पुरे.

मृणाल_कोथरूड

लेथदादांनी गाडीचं सांगितलं, मी दिवसाचं सांगते. मी पोलोच चालवते, जुनी १.२ टीएसआय.

पहिल्या सेशनला लॅप टायमर बंद ठेव. मोबाइल समोर लावूच नकोस. करी फक्त २.१ किलोमीटरचा ट्रॅक आहे. एका वळणातून सावरेपर्यंत दुसरं येतं, त्यामुळे नव्या माणसाची नजर बोनेटच्या पुढे जातच नाही. पहिला सेशन फक्त ब्रेकचे खुणेचे बोर्ड, वळणाचा आतला बिंदू आणि मार्शल (झेंडे दाखवणारी माणसं) कुठे उभे आहेत हे बघण्यात घालव. इन्स्ट्रक्टर बाजूला बसवायची सोय असेल तर ते पैसे सगळ्यात आधी भर. मला त्यांनी एकच वाक्य दिवसभर सांगितलं, "ब्रेक सरळ रेषेत संपव, मग स्टिअरिंग." त्या एका गोष्टीने माझी गाडी वळणात घसरायची थांबली आणि वेगही आपोआप वाढला.

ब्रीफिंग मनापासून ऐक. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे सेशन थांबला, सावकाश पिटमध्ये ये. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. ट्रॅक डेला शक्यतो पुढच्याने हात दाखवल्याशिवाय ओव्हरटेक करत नाहीत. तूही मागच्याला मोकळ्या मनाने हात दाखव, तिथे रेस नसते, बक्षीस नसतं.

गाडी आदल्या रात्रीच रिकामी कर. फ्लोअर मॅट, छत्री, चार्जर, दाराच्या खणातल्या बाटल्या, सगळं. सीटखाली विसरलेली पाण्याची बाटली जोरात ब्रेक लावल्यावर घरंगळत पुढे येते आणि पेडलखाली अडकू शकते. ड्रायव्हरच्या सीटखाली हात घालून तपासायचं, डोळ्यांवर भरवसा नाही.

सेशन संपल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. शेवटचा लॅप निवांत, मग पिटमध्ये पहिल्या गिअरमध्ये गाडी उभी करायची आणि चाकाला ओट (दगड किंवा ठोकळा) लावायची. तापलेला ब्रेक एकाच जागी दाबून ठेवला तर तिथे उष्णता साठते. बोनेट उघडून ठेव, पाणी पी. अंगात सुती फुल बाह्यांचा शर्ट. जानेवारीतही कोइमतुरात दुपारी चांगलंच तापतं, त्यात एसी बंद आणि हेल्मेट.

आणि त्याच संध्याकाळी पुण्याला निघू नका, प्लीज. अंगातला जोश तासाभरात उतरतो आणि मग थकवा एकदम येतो. मुक्काम करा, सकाळी निघा.

काका_सदाशिव

इन्शुरन्सबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी वकिली करत होतो, आता निवृत्त.

ओंकार, पॉलिसीच्या कागदात 'वापराच्या मर्यादा' असं एक कलम असतं, ते काढून वाच. आपल्याकडच्या खासगी मोटार पॉलिसीत आयोजित शर्यत, पेस-मेकिंग, वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल हे वापर सरळ वगळलेले असतात. ट्रॅकवर गाडीचं काही झालं तर खर्च आपल्या खिशातून, असंच धरून चाल. दोन लाखांतले निदान साठ-सत्तर हजार त्यासाठी हात न लावता ठेव, असा माझा आग्रह आहे.

बदलांचं म्हणशील, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी आणि नोंदणीच्या कागदाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पॅड, फ्लुइड, त्याच मापाचे टायर हे देखभालीचं काम झालं, त्याला कोणी हात लावणार नाही. एक्झॉस्ट आणि खाली बसवलेली गाडी घेऊन चार राज्यांच्या नाक्यांवरून नाही, तरी तीन राज्यांच्या पोलिसांसमोरून जायचंय, हे लक्षात ठेव.

आणखी एक कळकळीने सांगतो. तयारी म्हणून लवासा रोडला किंवा ताम्हिणीत "ट्राय" घेऊ नकोस. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वेगाची स्पर्धा किंवा चाचणी हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. कायदा सोड, त्या घाटात रविवारी सकाळी सायकलवाले असतात, चालणारी माणसं असतात, गुरं असतात.

टर्बो_रोहित

काकांचं आणि दादांचं पटतंय. तरी दादा, एक विचारतो, सगळं स्टॉक ठेवून मजा येते का हो? पॉवरशिवाय काय शिकायचं?

भोसरीचा_लेथ

रोहित, मनापासून सांगतो, जास्त येते. कमी पॉवरच्या गाडीत वळणात घालवलेला वेग सरळ रस्त्यावर भरून काढता येत नाही. त्यामुळे एका वळणात चार किलोमीटर जरी वाचवलेस तरी ते पुढच्या ब्रेकच्या बोर्डपर्यंत दिसतात. हाताला, पायाला लगेच हिशेब मिळतो. ज्यांच्या नावाने तो ट्रॅक आहे त्या एस. करिवर्धन यांनी फॉर्म्युला मारुती कशी उभी केली? मारुतीच्या छोट्या इंजिनावर. आपल्या देशातली कितीतरी पोरं त्या गाड्यांवर घडली. नंतर अनेक वर्षं आपल्याकडच्या टूरिंग कारच्या रेसमध्ये एस्टीम धावल्या. एस्टीमचं इंजिन १३०० सीसीचं. चांगली चालवलेली हलकी गाडी बघण्यात जो आनंद आहे तो मला दुसऱ्या कशात मिळत नाही.

ओंकार_वाकड

सगळ्यांचे खूप खूप आभार. ट्यूनरला सध्या नाही कळवलंय. फ्लुइड, पुढचे पॅड, ड्रमचं काम, अलाइनमेंट, इन्स्ट्रक्टरची फी, ऐंशी हजार राखीव, असं ठरवलंय. दादा, फ्लुइड बदलताना माझ्या नेहमीच्या गॅरेजवाल्याला काय सांगू? आणि कॅम्बरचं (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल) बघू का? मित्र म्हणतो कॅम्बर वाढवल्याशिवाय पुढचे टायर बाहेरून खाल्ले जातील.

भोसरीचा_लेथ

मित्राचं कॅम्बरबद्दल खरं आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेलं सस्पेन्शन) आहेत, गाडी वळणात कलली की टायर बाहेरच्या कडेवर जातो. पण तुझ्या गाडीत तो बदलायला स्ट्रटच्या वर वेगळ्या प्लेटा बसवाव्या लागतील. त्याने रोजच्या वापरात आवाज आणि हादरे वाढतात, टायर आतून झिजतात आणि काकांचं कलम ५२ आहेच. एका ट्रॅक डेसाठी नको. दुपारच्या जेवणाच्या वेळी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे कर, झीज वाटली जाईल. टॉर्क रेंच त्यासाठीच आणायला सांगितला. नट कंपनीच्या आकड्याला घट्ट कर, आणि पुढच्या सेशननंतर चाकं गार झाली की परत तपास.

फ्लुइडचं: टाकीतलं वरवर काढून नवीन ओतलं तर कॅलिपरमधलं जुनं तसंच राहतं, आणि तापतं तेच. चारही चाकांच्या निपलमधून (ब्रेकवरचा फ्लुइड बाहेर काढायचा छोटा स्क्रू) नवीन, स्वच्छ रंगाचं फ्लुइड बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत काढायला सांग. चाकांचा क्रम वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असेल तसा. टाकीची पातळी मध्येच संपू द्यायची नाही, नाहीतर हवा एबीएसच्या युनिटमध्ये जाते आणि ती काढायला स्कॅनर लावावा लागतो. एक लिटर आण. गाडीत जाऊन उरेल ते बाटली घट्ट बंद करून डिकीत ठेव. ट्रॅकवर पेडल मऊ झालं तर रात्री हॉटेलच्या पार्किंगमध्ये पुढची दोन चाकं तुला आणि मित्राला परत काढता येतील. एकाने पेडल दाबायचं, एकाने निपल सोडायचं. पारदर्शक नळी आणि अकराचा रिंग स्पॅनर लागेल. आपल्या गाडीचं माप निघण्याआधी बघून ठेव.

जमत असेल तर कोणत्याही रविवारी सकाळी गाडी घेऊन शॉपवर ये. दोघंही या, एकदा दोघांच्या हाताने करून घेतो.

ओंकार_वाकड

येतो दादा. ह्या रविवारी नऊला चालेल? फ्लुइड शनिवारीच नाना पेठेतून घेऊन ठेवतो.

भोसरीचा_लेथ

चालेल. पॅड आणलेस तर तेही बसवू. गाडी गार हवी, त्यामुळे पोहोचल्यावर आधी चहा.